२९ नोव्हेंबर १९७०: नागपूरचं ऐक्य आणि एक अवघड शब्द

वेगवेगळ्या परंपरांच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या ऐक्याची गोष्ट १९१० च्या एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेपासून सांगायची रीत आहे. नागपूरकराला ती नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या एका रविवारपासून आठवते. २९ नोव्हेंबर १९७० ला सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या उत्तर भारतातलं एकच चर्च, म्हणजे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’, झाल्या. बोलणी १९२९ पासून चालू होती. दक्षिणेत हे १९४७ मध्येच होऊन गेलं होतं, पण तिथल्या ऐक्यात बॅप्टिस्ट नव्हते. इथे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि बॅप्टिस्टांसारखे कळत्या वयात विश्वास कबूल केल्यावरच देणारे एकत्र आले, आणि दोन्ही रीती मान्य झाल्या.

खरा पेच पाळकांच्या दीक्षेचा, म्हणजे हात ठेवून त्यांना पाळक म्हणून नेमण्याच्या विधीचा, होता. काहींची दीक्षा बिशपच्या हातून झालेली, काहींची नाही. दक्षिणेत जुन्या पाळकांना आहे तसं स्वीकारलं आणि पुढच्या दीक्षा बिशपकडे दिल्या. त्यावरून अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेच्या, जगात कितीतरी वर्षं नाराजी होती. उत्तरेच्या योजनेने वेगळी वाट धरली. सगळ्यांच्याच डोक्यावर हात ठेवायचे, बिशपच्यासुद्धा, आणि ज्याच्या सेवेत जे उणं असेल ते देवाने भरून काढावं अशी प्रार्थना करायची. मग ही पुन्हा दीक्षा झाली का? योजनेने याचं उत्तर मुद्दामच दिलं नाही. टीकाकारांना यात पळवाट दिसली. मला मात्र या ऐक्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. कोणाचं उणं किती, हे मोजायला कोणीच बसलं नाही. वर्षानुवर्षं वेदीपुढे उभे राहिलेले बिशप दुसऱ्या परंपरेच्या हातांखाली गुडघे टेकतात, ही साधी गोष्ट नव्हे.

सातवे यायचे होते ते अमेरिकी मिशनमधून वाढलेले मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे लोक. त्यांनी ऐन १९७० मध्ये माघार घेतली. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट मात्र आले. म्हणून ‘मेथडिस्ट आले का?’ या प्रश्नाला आजही दोन उत्तरं मिळतात.

पुढचा गुंता शब्दाचा. योजनेत होतं ‘ऐक्य’, कोर्टात त्याचं ‘विलीनीकरण’ झालं. उपासना, दीक्षा, प्रभुभोजन ठरावाने एक होऊ शकतात; जमीन, शाळा, कबरस्तान हे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टच्या नावावर असतं. सहांपैकी एका मंडळीचा गुजरातमधला वाद असाच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नुसत्या ठरावाने ट्रस्ट विसर्जित होत नाही आणि मालमत्ताही हस्तांतरित होत नाही, असा निकाल २०१३ मध्ये लागला. १९७० ला कॅथेड्रलमध्ये हात ठेवले गेले. सातबाऱ्यावरची नावं बदलायचं काम बऱ्याच ठिकाणी राहूनच गेलं होतं.