हलव्याला काटा कसा येतो?

संक्रांतीच्या काटेरी हलव्याचे दाणे साच्यातून काढलेले असतात, असा समज बऱ्याच जणांचा असतो. प्रत्यक्षात हा काटा कोणी घडवत नाही. योग्य परिस्थिती मिळाली की साखर तो स्वतःच घडवते.

मंद आचेवरच्या परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन त्यावर दुधाने मळी काढलेला एकतारी पाक चमच्याचमच्याने सोडतात आणि दाणे बोटांनी सतत फिरवत राहतात. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते, तर उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून अधिक. दाण्यावरच्या पाकाचा पातळ थर आटला की उरलेल्या पाण्याला साखर धरून ठेवता येत नाही, आणि ती आधीच्या स्फटिकांवर बसते. दाण्याचा पृष्ठभाग कधीच पूर्ण गुळगुळीत नसल्यामुळे जिथे किंचित उंचवटा असतो, तो भाग तापलेल्या परातीला आणि तिच्यावरच्या पाकाला आधी टेकतो, पाक आधी उचलतो आणि तो लवकर वाळवतोही. म्हणून उंचवटा अधिक उंच होतो, आणि उंच झाल्यामुळेच पुढच्या फेरीत पुन्हा त्याचाच पहिला नंबर लागतो. पृष्ठताण मात्र उलट दिशेने काम करतो, कारण तो ओला पाक खळग्यांत ओढून दाणा गोल करू पाहतो. पाक पातळ असला तर पृष्ठताण जिंकतो आणि साखर लावलेल्या बडीशेपेसारखा गुळगुळीत दाणा मिळतो. दाट पाक झटपट वाळला तर काटा फुटतो. ज्याला आपण 'हातगुण' म्हणतो, तो आच, पाक आणि वेग यांचा सरावाने आलेला अंदाज आहे. शुभाशुभाशी त्याचा काही संबंध नाही.

'हलवा' हे नाव गोडवा दर्शवणाऱ्या अरबी शब्दावरून आले आहे. जपानमध्ये अशाच काटेरी साखरदाण्यांना 'कोंपेइतो' म्हणतात, आणि ते नाव 'कोंफेइतो' या पोर्तुगीज शब्दाचे रूप आहे. लुईश फ्रोइश या जेझुइट धर्मप्रचारकाने 1569 मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला हे दाणे काचेच्या भांड्यातून भेट दिले होते. पुढे तोराहिको तेरादा या जपानी भौतिकशास्त्रज्ञाने, दाणा सर्व बाजूंनी सारखाच का वाढत नाही, हा प्रश्न गांभीर्याने मांडला. योगायोगाने उपजलेला बारीकसा फरक पुसला न जाता वाढत कसा जातो, हे त्याला या साध्या मिठाईत दिसले होते.