बदलीचा अर्ज आणि थकलेला मेंदू

नागपुरात महाल भागातील एका जुन्या वाड्यात, लोखंडी पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला एक पिवळा पडलेला कागद मला पाहायला मिळाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर असलेल्या एका अधिकाऱ्याने वरिष्ठांकडे इंग्रजीतून केलेल्या बदलीच्या अर्जाचा तो कच्चा खर्डा होता. अक्षर आरंभी ठसठशीत आहे. परंतु खाली येता येता ओळी उतरत जातात आणि एक शब्द तीनदा खोडून पुन्हा तोच लिहिलेला दिसतो. रजा कोठेही मागितलेली नाही. दुसरीकडे कोणतेही काम द्यावे, एवढेच मागणे आहे. कामठीची छावणी उशाशी असलेल्या या शहरात फौजेचा मान मोठा, म्हणून घरच्यांनी हा कागद वर्षानुवर्षे कोणाला दाखवला नाही. त्यांना त्यात भित्रेपणाची कबुली दिसत होती. मला मात्र तसे मुळीच वाटत नाही.

सारासार विचार, संयम आणि नियोजन ही कामे आपल्या कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, करतो. तीव्र ताणात नॉरअॅड्रेनॅलिन व डोपामिन या मेंदूतील रसायनांची पातळी फार वाढली की हा भाग मंदावतो आणि भीतीशी निगडित असलेला मेंदूचा दुसरा भाग, अमिग्डाला, वरचढ ठरतो. गोळी चुकवायची असेल तेव्हा हे उपयोगी पडते. आठवडेच्या आठवडे तीच अवस्था राहिली तर मात्र नुकसान होते. दीर्घकाळ ताणाखाली ठेवलेल्या उंदरांच्या या भागातील चेतापेशींच्या फांद्या आखडतात, आणि तरुण उंदरांमध्ये ताण थांबल्यावर त्या पुन्हा वाढतात, असे प्रयोगांत आढळले आहे.

त्यात जागरणाची भर पडते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज सहा किंवा चारच तास झोपू दिले गेले. त्यांची एकाग्रता दिवसेंदिवस घसरत गेली आणि अखेरीस एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी खालावली. विशेष म्हणजे, आपल्याला किती झोप येते आहे याचा त्यांचा स्वतःचा अंदाज काही दिवसांतच जवळपास स्थिरावला होता. आपण किती ढासळलो आहोत, हे त्यांना पुरते उमगतच नव्हते.

चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ (लढाईच्या भडिमारात सैनिकाचे मन कोलमडणे) ही संज्ञा वैद्यकीय नियतकालिकात प्रथम वापरली, तेव्हापासून असा सैनिक आजारी की कचखाऊ, हा वाद चालत आला. स्वँक आणि मार्चंड या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधील नॉर्मंडीत लढलेल्या अमेरिकी सैनिकांचे निरीक्षण करून १९४६ मध्ये लिहिले, की सुमारे ६० दिवस अखंड लढाईत राहिल्यास जवळजवळ प्रत्येक सैनिक मानसिकदृष्ट्या कोलमडतो.

थकव्यात स्वतःच्या थकव्याची जाणीवच बोथट होते, हे लक्षात घेऊन मी तो खर्डा पुन्हा वाचला. आपल्या हाताखालच्या माणसांचे जीव यापुढे आपल्या निर्णयांवर सोपवू नयेत, असे त्या अधिकाऱ्याने शेवटच्या ओळीत लिहिले आहे. तीनदा खोडून पुन्हा लिहिलेला शब्द ‘निर्णय’ हाच आहे.