हमी कुणाची, भार कुणावर: पायाभूत गुंतवणुकीची पावणेदोनशे वर्षे

२०१४-१५ मध्ये केंद्र सरकारचा भांडवली खर्च, म्हणजे रस्ते-रेल्वेसारख्या टिकाऊ गोष्टी उभारण्यावरचा खर्च, साधारण २ लाख कोटी रुपये होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ११.२१ लाख कोटींची तरतूद झाली. रस्ते आणि रेल्वे हे त्यातले सर्वांत मोठे वाटेकरी. आकडा डोळ्यांत भरतो, पण त्याच्या मागचा प्रश्न फारसा विचारला जात नाही. वीस वर्षांपूर्वी खासगी भांडवल येईल आणि रस्ते, वीज, बंदरे बांधेल, असे आपल्याला सांगितले जात होते. मग आज एवढा भार पुन्हा सरकारी तिजोरीनेच का उचलला आहे?

याचे उत्तर शोधायला बरेच मागे, थेट बोरीबंदरपर्यंत जावे लागते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, हे शाळेत प्रत्येकाने वाचलेले असते. त्या गाडीमागचा करार मात्र पाठ्यपुस्तकात नसतो. ऑगस्ट १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तो झाला. रेल्वेत गुंतवलेल्या भांडवलावर भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी मिळाली. गाडीला प्रवासी मिळोत न मिळोत, नफा ५ टक्क्यांपेक्षा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचा. जमीन ९९ वर्षांसाठी फुकट. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांची नावे पहिल्या संचालकांत येतात, पण भांडवल बहुतांशी विलायतेतले होते.

हमी दिल्यामुळे पैसा आला, हे खरेच. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ खुला झाला आणि मुंबईहून देशावर थेट गाडी जाऊ लागली. तो घाट फोडताना हजारो मजूर पटकीने आणि अपघातांत गेले. पण हमीमुळे काटकसरीचे कारणच उरले नाही. दर मैलाचा खर्च आरंभीच्या अंदाजाच्या दुपटीपुढे गेला. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे हे स्पष्ट सांगितले: ५ टक्के पक्के असल्यावर आपला पैसा हुगळी नदीत फेकला काय किंवा विटाचुन्यात घातला काय, इंग्लिश गुंतवणूकदाराला त्याचे सोयरसुतक नव्हते.

हे वाक्य मला या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटते. पैसा कुणाचा यापेक्षा अंदाज चुकला तर खड्डा कुणी भरायचा, हा प्रश्न मोठा आहे. १८५० च्या दशकात तो शेतसारा भरणाऱ्या रयतेने भरला. दादाभाई नौरोजींच्या संपत्तीच्या निचऱ्याच्या हिशेबात रेल्वेवरचे व्याज येते ते यामुळे. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांसारखी माणसे रेल्वेआधी पाटबंधाऱ्यांवर खर्च करा असे सांगत राहिली, तेही यामुळेच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक वेगळा प्रयोग झाला. १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी निघाली आणि तिचे भांडवल देशातच, संस्थानिकांकडून आणि मुंबईच्या धनिकांकडून उभे राहिले. लोणावळ्याच्या परिसरात तलाव झाले, १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. देशी भांडवल हे काम करू शकते, हे सिद्ध झाले. पण पुढच्याच टप्प्यात, मुळशीला, दुसरी बाजू दिसली. धरणासाठी मावळातली भाताची खाचरे जाणार होती आणि ती सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने कंपनीसाठी ताब्यात घेतली. १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. धरण झालेच. इथे भागधारकांना सरकारी हमी नव्हती, तरी जोखमीचा एक मोठा वाटा ज्यांना कंपनीचा एकही भाग मिळणार नव्हता त्या मावळ्यांनी उचलला होता. हिशेबाच्या वहीत तो कुठे लिहिलेला नाही.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा काळ थोडक्यात सांगता येतो. १९४४ च्या ‘बाँबे प्लॅन’मध्ये टाटा-बिर्लांसारख्या उद्योगपतींनीच १५ वर्षांत १०,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची योजना मांडली होती आणि तीत सरकारची भूमिका मोठी होती. एवढे भांडवल खासगी क्षेत्राकडे नाही, हे त्यांनाही कळत होते. जागतिक बँकेचे भारताला पहिले कर्ज १९४९ मध्ये मिळाले, ३.४ कोटी डॉलरचे, तेही रेल्वेसाठी. धरणे, वीज मंडळे, बंदरे सरकारने बांधली. कोयनेने महाराष्ट्राच्या कारखानदारीला वीज दिली आणि कोयनेचे प्रकल्पग्रस्त पिढ्यानपिढ्या मोर्चे काढत राहिले. वीज मंडळांचे गणित मात्र बिघडत गेले. शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकारणी, गळती, चोरी आणि राजकीय दर यांमुळे नव्या केंद्रांसाठी मंडळांकडे पैसाच उरेना.

१९९१ च्या परकीय चलनाच्या संकटाने हे सगळे एकदम उघडे पडले. वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली झाली. आणि महाराष्ट्राच्या वाट्याला आली एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी.

या प्रकरणावर थोडे थांबायला हवे, कारण १८४९ चा करार नव्या कपड्यांत परत आला तो इथे. जून १९९२ मध्ये प्राथमिक करार झाला. गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या परिसरात दाभोळ पॉवर कंपनीचा २,००० मेगावॉटहून मोठा प्रकल्प ठरला. एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचे प्रत्येकी १० टक्के. जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. वीज फार महाग पडेल आणि राज्याला एवढ्या विजेची गरज नाही, असे तिचे मत होते. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. मंडळाने वीज घेतली नाही तरी प्रकल्पाचा स्थिर आकार द्यायचाच. दर डॉलरशी बांधलेला. मंडळ चुकले तर राज्याची हमी आणि राज्य चुकले तर केंद्राची प्रतिहमी.

पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने आकडेमोड करून हा करार मंडळाला पेलणार नाही हे दाखवले. गावांत आंदोलन झाले, लाठ्या पडल्या. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप सरकारने गोपीनाथ मुंडे समितीच्या अहवालानंतर प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांतच नव्या वाटाघाटी करून, क्षमता वाढवून, तो पुन्हा स्वीकारला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांत मंडळाला बिले भरणे अशक्य झाले आणि मे २००१ मध्ये वीज घेणे बंद झाले. माधव गोडबोले समितीने करारावर कडक ताशेरे ओढले. डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली.

चिमण्या थंड पडल्या तरी कर्ज संपले नाही. त्यातले बरेच भारतीय सरकारी वित्तसंस्थांचे होते. २००५ मध्ये एनटीपीसी (वीज) आणि गेल (वायू) या सरकारी कंपन्यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढून प्रकल्प सरकारी संस्थांनीच गळ्यात घेतला. तिथल्या वायू टर्मिनलचा लाटारोधक बांध अपुरा असल्याने कित्येक वर्षे पावसाळ्यात जहाजेच लागत नव्हती.

याच कोकणात, जवळपास याच वर्षांत, दुसऱ्या वाटेनेही पैसा उभा राहिला. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या पाठपुराव्यामुळे जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रेल्वेचे ५१ टक्के भाग, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. उरलेला पैसा मुख्यतः करमुक्त रोख्यांतून आला. रोह्यापासून मंगळुरूच्या हद्दीपर्यंत ७४० किलोमीटर, कातळ फोडून काढलेले बोगदे, पानवलचा उंच पूल. २६ जानेवारी १९९८ रोजी सगळा मार्ग देशाला अर्पण झाला. इतक्या अवघड भूभागात साडेसात वर्षांत झालेले हे काम आजही अभिमानाने सांगावे असे आहे.

पण रोख्यांवरचे व्याज गाड्यांच्या उत्पन्नापेक्षा वेगाने वाढले. महामंडळ कर्जाच्या ओझ्याखाली वाकले आणि पुनर्रचनेसाठी रेल्वे मंत्रालयाला पुढे यावे लागले. प्रवाशानेही वाटा उचलला. कोकण रेल्वेवर भाडे प्रत्यक्ष अंतरावर आकारले जात नव्हते, अंतर ४० टक्के वाढवून धरले जायचे. १०० किलोमीटरच्या प्रवासाला १४० किलोमीटरचे तिकीट. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याने खिडकीवर मोजलेल्या पैशांत त्या रोख्यांचे व्याजही होते, हे किती जणांना ठाऊक असेल? तरीही मला ही वाट एन्रॉनपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. ओझे देशातच राहिले, वाटेकरी राज्यांना हिशेब कळत होता आणि गाड्या आजही धावत आहेत.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्यानंतरचा. रिलायन्सची सुमारे ३,६०० कोटींची निविदा नाकारून, १९९६ मध्ये स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळाने बाजारातून कर्ज उभारून तो स्वतः बांधला आणि खर्च साधारण १,६३० कोटींवर राहिला. २००४ मध्ये टोलवसुलीचे १५ वर्षांचे हक्क ९१८ कोटींना दिले गेले. २०२० मध्ये पुढच्या १० वर्षांचे हक्क ८,२६२ कोटींना गेले. मधली महागाई आणि वाहनांची वाढ धरली तरी या दोन आकड्यांतले अंतर विचार करायला लावते. रस्ता नवा असतो, वाहने किती येतील याची खात्री नसते, तेव्हा त्याचे हक्क स्वस्तात जातात. रहदारी सिद्ध झाली की तोच रस्ता सोन्याचा होतो.

हा धडा देशाने उलट्या क्रमाने गिरवला. वाजपेयी सरकारने १९९८ मध्ये जाहीर केलेल्या महामार्ग विकास कार्यक्रमाला सुरुवातीला इंधनावरच्या उपकराचा आधार होता. पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे एक रुपया आणि त्यातून ५,८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोण. साधी, सर्वांना समजणारी व्यवस्था. २००४ नंतर भर ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीवर गेला, म्हणजे कंपनीने रस्ता बांधायचा, ठरलेली वर्षे टोल घ्यायचा आणि मग तो सरकारला परत द्यायचा. दीर्घ मुदतीची कर्जे देणाऱ्या संस्था याच सुमारास नाहीशा होत होत्या. आयसीआयसीआय २००२ मध्ये आपल्या बँकेत विलीन झाली आणि आयडीबीआय २००४ मध्ये बँक झाली. म्हणजे २०-२५ वर्षांच्या रस्त्याला पैसा द्यायचा होता तो व्यापारी बँकांनी, ज्यांच्या ठेवी दोन-तीन वर्षांच्या. कंपन्यांनी फुगवलेल्या रहदारीवर बोली लावल्या. जमीन हातात नसताना कंत्राटे निघाली, पर्यावरण मंजुऱ्या अडल्या, कोळसा आणि वायू मिळाला नाही.

२०१८ पर्यंत बँकांची एकूण बुडीत कर्जे ११ टक्क्यांवर गेली होती. त्याच वर्षी ९०,००० कोटींहून अधिक देणे असलेली आयएल अँड एफएस ही पायाभूत क्षेत्रातली मोठी वित्तसंस्था कोसळली. तिच्या रोख्यांत नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधींचे पैसे अडकले होते. सरकारी बँकांत पुन्हा भांडवल घातले गेले ते करदात्यांच्या पैशातून. हमीचा कागद नसताना खड्डा भरायला पुन्हा जनताच उभी होती.

लोकांनी टोलनाक्यावर उत्तर दिले. कोल्हापुरात शहरातल्या रस्त्यांवर टोल लागला तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे आंदोलन चालले. अखेर २०१५ मध्ये टोल रद्द झाला, कंपनीला मोबदला राज्याने दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. नाक्यावर थांबावे लागत नाही हे सुखाचेच, पण करारातली वसुली माफ होते तेव्हा तिचा बोजा राज्याच्या अर्थसंकल्पाकडे सरकतो.

२०१५ मध्ये विजय केळकर समितीने नेमके हेच सांगितले होते: जी जोखीम ज्याला सांभाळता येते तीच त्याच्याकडे द्या. रहदारीचा अंदाज कंत्राटदाराच्या हातात नसतो, जमीन मिळवून देणे तर नसतेच. २०१६ पासून आलेल्या मिश्र पद्धतीत बांधकामाच्या काळात ४० टक्के पैसा सरकार देते, उरलेला हप्त्यांनी, आणि टोलची जोखीम सरकारकडे राहते. सुरुवातीचा ११.२१ लाख कोटींचा आकडा या सगळ्या पडझडीनंतरचा आहे. खासगी भांडवल दमले, बँका भाजल्या, म्हणून सरकार पुढे झाले.

जमिनीच्या बाबतीतही काहीतरी शिकलो, असे म्हणता येते. २०१३ च्या कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला दिला. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासाठी आधी जमीन एकत्रीकरणाची योजना आली, विरोध झाला आणि मग बरीचशी जमीन थेट खरेदी करून घेतली गेली. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. सुमारे ५५,००० कोटींचा हा रस्ता कर्जाचे हप्ते टोलमधून फेडू शकतो का, ते त्यावरून किती मालमोटारी धावतात त्यावर ठरेल. पालघरच्या वाढवण बंदराचा खर्च ७६,२२० कोटी, आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध अजून शमलेला नाही. मुळशीच्या खाचरांसारखी त्यांचीही मासेमारी कोणत्या खात्यावर लिहिणार, हे आधी ठरायला हवे.

दरम्यान तयार रस्ते विकण्याची नवी पद्धत रुळते आहे. २०२१ मध्ये महामार्ग प्राधिकरणाने काही रस्ते एका गुंतवणूक न्यासाकडे, म्हणजे अनेकांचा पैसा एकत्र करून रस्त्यांचे उत्पन्न त्यांना वाटणाऱ्या संस्थेकडे, दिले आणि त्यात कॅनडाचे दोन निवृत्तिवेतन निधी आले, त्यातला एक ओंटारिओतल्या शिक्षकांचा. १८४९ च्या इंग्लिश भागधारकासारखी ५ टक्क्यांची हमी त्यांना नाही. वाहने कमी झाली तर त्यांचे उत्पन्न कमी होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच न्यासाने ८.०५ टक्के परताव्याचे रोखे सामान्य गुंतवणूकदारांसाठी काढले, किमान गुंतवणूक १०,००० रुपये.