कयाकवरची घरगुती आमिषटाकी आली कुठून

दक्षिण कॅलिफोर्नियात ला होयाच्या किनाऱ्यावरून कयाक (वल्ह्याची चिंचोळी छोटी होडी) घेऊन यलोटेल या मोठ्या शिकारी माशाच्या मागे जाणारे आधी आमिषासाठी बांगड्याच्या कुळातले छोटे मासे पकडतात आणि ते जिवंत ठेवूनच पुढे वल्हवतात. त्यासाठीची टाकी बरेच जण घरीच बनवतात. झाकणाची गोल बादली, 12 व्होल्टचा छोटा पंप, बॅटरी आणि पीव्हीसीचे पाइप, एवढंच सामान. युक्ती मात्र काही शतकं जुनी आहे.

सोळाव्या शतकातल्या डच मासेमारी नौकांच्या पोटात पाण्याचा एक कप्पा असे. त्याच्या फळ्यांना भोकं पाडलेली, म्हणजे मासे नौकेत असूनही समुद्राच्याच पाण्यात. 1712 मध्ये इंग्लंडच्या हार्विच बंदरात तशाच नौका बांधायला सुरुवात झाली. तिथे हेतू बाजारापर्यंत मासा जिवंत नेण्याचा होता.

आमिषासाठी हीच युक्ती आपल्या लक्षद्वीपात मिनिकॉयला दिसते. कुपा (टूना) पकडायला निघण्यापूर्वी तिथले मच्छीमार खाजणातल्या उथळ पाण्यात बारीक मासे जाळ्याने धरतात आणि नावेतल्या हौदात सोडतात. जुन्या नावांत तळाची बुचं काढली की पाणी आत येई आणि माणसं ते सतत उपसून बाहेर टाकत. आजच्या टाकीतला पंप पाणी फिरतं ठेवण्याचं जे काम करतो, ते तेव्हा माणसांच्या दंडांनी होई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सॅन डिएगोच्या टूना बोटींनी डेकवर टाक्या बसवून ते पंपांवर सोपवलं.

पाणी वाहतंच का हवं? 20 अंशांना लीटरभर गोड्या पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात; खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. साठलेल्या पाण्यात मासे तो झपाट्याने संपवतात, वर त्यांचा अमोनिया साचतो.

1971च्या सुमारास टिम निमियर यांनी मालिबूत वर बसायची कयाक बनवली. तिच्या बैठकीवर चढलेलं पाणी निघून जावं म्हणून आरपार भोकं ठेवली जातात. घरगुती टाकीवाल्यांनी त्यातल्याच एका भोकात पंप बसवला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सगळ्यात सुंदर जोडणी आहे. पाणी टाकीत तिरकं सोडलं की गोल फिरतं, मासे प्रवाहाला तोंड करून पोहत राहतात आणि कोपरे नसल्याने नाकं घासत नाहीत. जास्तीचं पाणी वरच्या पाइपातून समुद्रात पडतं. पंप बंद केला की पंपाच्याच वाटेने टाकी रिकामी होते, आणि लाटांतून किनाऱ्याला लागण्याआधी मागचं वीसेक किलोचं ओझं उतरलेलं असतं.