एका डबीतली चार यंत्रं

गच्चीवरून किंवा डक्टमधून उतरलेली फायबरची बारीक तार घरात ज्या डबीला जोडतात, तिच्यात बहुतेक वेळा चार वेगळी यंत्रं असतात. नेट गेलं की आपण ती डबी बंद-चालू करतो. त्याआधी कोणतं यंत्र अडलंय हे ओळखता यायला हवं.

पहिलं ओएनटी. फायबरमधल्या प्रकाशाचे ते विद्युत संकेत करतं. घराघरांतल्या नेहमीच्या जोडणीत येणारी माहिती १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशावर येते आणि जाणारी १३१० वर जाते. म्हणून काचेच्या एकाच धाग्यात दोन्हीकडची ये-जा चालते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर संकेत बदलण्याचं असंच काम मोडेम करायचा. डबीवर एलओएसचा लाल दिवा लागला, तर प्रकाशच पोहोचत नाहीये. तेव्हा बंद-चालू करण्यात वेळ न घालवता सरळ ऑपरेटरला फोन करावा.

दुसरं स्विच. डबीमागचे लॅनचे, म्हणजे घरातल्या जाळ्याचे, तार खोचायचे पोर्ट ते हेच. त्याचं मोल कळायला त्याच्या आधीचा हब समजून घ्यावा लागतो. हब एका पोर्टवर आलेला संकेत बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवायचा, चाळीच्या गॅलरीत मारलेली हाक सगळ्या खोल्यांत ऐकू जावी तसा. दोन कॉम्प्युटर एकदम बोलले की दोन्ही संदेश वाया जात आणि पुन्हा पाठवावे लागत. स्विच मात्र येणाऱ्या प्रत्येक संदेशावरचा पाठवणाऱ्या यंत्राचा ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक, वाचतो आणि तो कोणत्या पोर्टवर आहे हे टिपून ठेवतो. पुढच्या वेळी त्या पत्त्यासाठीचा संदेश फक्त त्याच पोर्टवर जातो. पत्ता अनोळखी असेल तेवढ्यापुरता तो सगळीकडे पाठवतो. कोणी न शिकवता शिकणारं हे यंत्र मला या चौघांत सर्वांत देखणं वाटतं. इथरनेटचा पहिला स्विच १९९० मध्ये विनोद भारद्वाज यांच्या ‘कल्पना’ या अमेरिकेतल्या कंपनीने बाजारात आणला. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदार हातात ठेवतो तो हब नव्हे, स्विचच.

स्विचचा कारभार घरापुरता. बाहेरच्या जाळ्याशी गाठ घालून देतो तो राऊटर, आणि तो आयपी पत्त्यावर, म्हणजे जाळ्यावरच्या आकडी पत्त्यावर, चालतो. १९२.१६८ ने सुरू होणारे तेच पत्ते गिरगावातही असतात नि मुलुंडातही, कारण ते घराबाहेर चालतच नाहीत. बाहेर जाणाऱ्या संदेशावर राऊटर आपला पत्ता लावतो आणि उत्तर कोणत्या फोनला द्यायचं याची नोंद ठेवतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ते जेमतेम ४२९ कोटी, म्हणून ही सोय.

चौथं यंत्र ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय. आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून लोक रिपीटर आणतात. पण साधा रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा स्विचच्या पोर्टमधून लॅनची तार ओढून आतल्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट लावावा. ही तार १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे मुंबईतल्या फ्लॅटमध्ये अंतराची अडचण येत नाही.