पार्श्वभूमी : नाल्यातला बेडूक आणि झुडपीचा शेरा

आमच्याकडे, पूर्व विदर्भात, नाला म्हणजे गटार नव्हे. श्रावणात दुथडी भरणारा, दिवाळीपर्यंत झुळझुळणारा आणि फाल्गुनात दोन-चार डोहांपुरता उरणारा ओढा. त्या डोहात हात घातला की पाण्यावरून टणाटण उड्या घेत पलीकडच्या काठाला जातो तो इथला बेडूक.

वाहत्या पाण्यातल्या दुर्मीळ बेडकांची चर्चा मात्र सह्याद्रीत सुरू होते नि तिथेच संपते. रातबेडकांची प्रजाती शास्त्रात आली १८८२ मध्ये. २०११ मध्ये तिच्यात एकदम बारा नव्या जातींची भर पडली, २०१७ मध्ये आणखी सात. ते बेडूक पश्चिम घाटाबाहेर नाहीत. आमचा सगळीकडे दिसतो, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबली, तेवढीच काय ती दखल.

नाला निघतो बहुतेक झुडपीतून, आणि गुंता याच शब्दाचा आहे. झुडपी म्हणजे गावाबाहेरची मुरमाड, हलकी जमीन. बोरी, पळस, गुरांची चराई. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) हे जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. आजचे गोंदिया-गडचिरोली त्यांच्याच पोटात होते. महसुली कागदांबरोबर ‘झुडपी जंगल’ हा शेराही आला. तेव्हा त्याचं कुणाला ओझं वाटलं नाही. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमिनीच्या इतर वापरासाठी केंद्राची परवानगी लागू लागली, आणि शेऱ्यातला ‘जंगल’ अचानक जड झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने तर मालकी कुणाचीही असो, वनाचा शब्दकोशातला अर्थच धरायला सांगितला. तोवर झुडपीवर शाळा, घरं, स्मशानं उभी राहिली होती. शेवटी त्याच न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालाने सहा जिल्ह्यांतली सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी वनच ठरवली. १९९६ च्या आदेशाआधीच्या वाटपांना नियमित होण्याची वाट ठेवली. घरं अडकलेल्यांची तक्रार खोटी नव्हती. पण इतक्या वर्षांच्या भांडणात झाडं किती, घरं किती एवढंच बोललं गेलं. त्या मुरमात पाणी मुरतं, त्यावर खालचा डोह तगतो, हे बोलण्यात आलंच नाही.

डिसेंबर २०१४ नंतर सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेतलं नाल्यांचं खोलीकरण आलं. विहिरींना पाणी चढलं म्हणून शेतकरी खूश, ते खरंच. पण जेसीबीने गाळाबरोबर गोटे नि काठाची मुळंही उपसली. कापलेले काठ भिंतीसारखे उभे राहिले आणि चिखलात उमटलेल्या म्हशीच्या खुरांत साचणारं, बेडूकमाशांनी वळवळणारं पाणी तिथे दिसेनासं झालं.

पाऊस लांबला की आमच्याकडे पाऊस मागायला पोरांची धोंडी निघते. पोट्ट्यांना मुसळाला बांधायला जिवंत बेंडूक लागतो. पूर्वी नाल्यावर घटकाभरात सापडायचा. गेल्या दोन्ही खेपेला बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीखालून आणला.