स्टेंटोत्तर शस्त्रक्रिया
हृदयाच्या धमनीत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बोलीत ‘स्प्रिंग’) बसवताना किंवा नंतर झालेल्या इजेवर छाती उघडून करावयाचा उपचार. धमनी फुटणे, अस्तर चिरून प्रवाह बंद पडणे, स्टेंट निसटून अडकणे व क्वचित त्यात जंतुसंसर्ग होणे ही कारणे.

पहिली बलून अँजिओप्लास्टी (अरुंद धमनी आतून फुगा फुगवून रुंद करणे) आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे केली. त्या काळी सर्जनांचे पथक सज्ज ठेवूनच फुगा फुगवीत. पहिला स्टेंट कोणाचा, याविषयी एकमत नाही. तुलूझचे झाक प्युएल यांनी २८ मार्च १९८६ रोजी तो बसवल्याचे सामान्यतः मानतात. लोझानचे उलरिख सिगवार्ट यांचेही नाव घेतले जाते. स्टेंटवरचा १९८७ चा लेख दोघांचा संयुक्त असला, तरी तारखेचा आधार प्युएल यांच्या बाजूचा आहे. स्टेंटमुळे चिरलेले अस्तर आतूनच दाबून बसवता येऊ लागले आणि तातडीच्या बायपासची (अडथळ्यापलीकडे दुसरी रक्तवाहिनी जोडण्याची) गरज पुष्कळ घटली.

धमनी फुटण्याच्या एलिस वर्गीकरणातील (१९९४) तिसऱ्या प्रकारात १ मिमी किंवा मोठ्या छिद्रातून रक्ताची धार लागते. हृदयावरण (हृदयाभोवतीची पिशवी) पटकन ताणले जात नसल्याने एकदम साचलेले १००–२०० मिली रक्तही हृदय दाबून टाकते. फुगा लगेच छिद्रावर आणून कमी दाबाने फुगवावा. फुगा ज्या तारेवरून धमनीत नेतात ती काढू नये, कारण ती निघाली की आच्छादित (छिद्र बुजवणारे आवरण असलेला) स्टेंट नेण्याची वाटच जाते. हृदयावरणातले रक्त सुईने काढून नळी ठेवतात. हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) उतरवायला त्याचा उतारा असलेले प्रोटामिन घाईने दिल्यास ताज्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

रक्त थांबत नसेल तर शस्त्रक्रिया. भुलीने रक्तदाब कोसळतो, म्हणून छाती पुसून, कापडे अंथरून, सर्जन सुरी घेऊन उभा राहिल्यावरच भूल द्यावी. गुठळ्या काढल्या तरी हृदयावरची चरबी रक्ताने भिजून जांभळी झालेली असते, धमनी दिसत नाही. बोटाला स्टेंटची कडक नळी लागते, तीच खूण. छिद्र शिवतात किंवा धमनी बांधून पुढे पायाची शीर जोडतात. जोडायला छातीतली धमनी घेतल्यास ती जास्त टिकते, पण ती सोडवायला वेळ लागतो. दाब ढासळलेल्या रुग्णात शीरच बरी. स्टेंटच्या तारांतून टाका नीट बसत नाही, त्यामुळे जोड त्याच्या पलीकडे घेतात. एकापुढे एक स्टेंट घालून धमनी शेवटपर्यंत भरलेली असेल, तर जोडायला जागा उरत नाही. लांब चीर देऊन स्टेंट सोलून काढावा लागतो. क्लोपिडोग्रेल (प्लेटलेट चिकटू न देणारी, स्टेंटनंतरची गोळी) एरवी शस्त्रक्रियेच्या ५ दिवस आधी थांबवतात. इथे ती सवड नसते, म्हणून प्लेटलेटच्या (रक्त गोठवणाऱ्या कणांच्या) पिशव्या हाताशी हव्यात.

साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किमी, वाटेत खंबाटकी घाट. असे अंतर मध्ये असून कॅथलॅब (स्टेंट बसवण्याची जागा) एका गावी आणि हृदयशस्त्रक्रिया दुसऱ्या गावी असेल, तर रुग्ण हलवताना फुगा जागेवर, हृदयावरणातली नळी वाहती, रक्त सोबत, आणि पुढच्या सर्जनला फोन गाडी निघण्यापूर्वी.